शंभर दिवसांचा रांजण

प्रिय मिरान,

'प्रिय' हा शब्द मी तुझ्यासाठी पहिल्यांदाच लिहिते आहे. दहा वर्षांत तुला मी चिठ्ठ्या पुष्कळ लिहिल्या, पण त्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवायच्या असत. मुळे सोलून ठेव, गच्चीवरच्या मिरच्या आत घे, भावजी जेवायला आहेत, असल्या. त्यांना मायना नसे. आज मायना घातला आहे, तेव्हा हे पत्र जरा बसून वाच. बेकरीत उभ्या उभ्या वाचू नकोस, आणि वाचताना मध्येच फोन करू नकोस. मला एका दमात सांगायचं आहे आणि माझा दम आता पूर्वीचा राहिलेला नाही.

मार्चमध्ये माझ्या लेकाच्या, गीताएच्या श्राद्धाला तू आलीस, तेव्हा शेवटच्या रांजणातली शेवटची दारू आपण त्याच्यापुढे ठेवली. रांजण तळाशी खरवडल्याचा आवाज सांगचोल भावजींनी ऐकला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, सून शहरात गेली तशी या घरची दारूही गेली म्हणायची. पुढच्या वर्षी दुकानातली बाटली आणू, काय?" माझा धाकटा दीर म्हणजे तोंडाळ माणूस, त्याचं मी मनावर घेत नाही असं तुला नेहमी सांगत आले. पण घेते. दुपारी तू निघालीस, फाटकाशी चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आई, या नोव्हेंबरात मला यायला जमेल असं वाटत नाही." मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. "नको येऊस. तुझ्याआधी चाळीस वर्षं ही दारू मीच घालत होते." तू मान खाली घालून बस थांब्याकडे गेलीस. तुझी पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी होते, हे मात्र तुला माहीत नाही.

मग मी इरेला पेटले. हंगाम नव्हता. ही दारू हिवाळ्याच्या तोंडावर घालतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण नोव्हेंबरपर्यंत थांबायला मला धीर कुठला? मार्च संपायच्या आत मी तांदूळ धुवायला बसले. पाणी अगदी नितळ निघेपर्यंत धुवायचे, ते धुतले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, त्या ऐकल्या. पीठ काढून आणलं, त्याची पेज केली, खमिराची वडी कुटून कालवली आणि विरजण लावलं. चार दिवसांनी चिकट तांदूळ वाफवले, रांजणाला पेंढ्याचा धूर दिला, शेवंती, सोयाबीनचे दाणे, आलं, लाल मिरच्या, सगळं हाताच्या सवयीने घातलं. चाळीस वर्षांचा हात आहे, त्याला विचारावं लागत नाही. रांजणाचं तोंड कापडाने बांधून मी भावजींना फोनसुद्धा केला, की दुकानातली बाटली तुमच्या घरी ठेवा.

तीन आठवड्यांनी शेजारची दो-यनची आई मुळ्याची पानं द्यायला आली. मी मोठ्या ऐटीत कापड सोडून म्हटलं, "बघ वास घेऊन." तिने वाकून वास घेतला आणि मागे सरली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काकू, हे काकडीच्या कोशिंबिरीत घाला. झकास लागेल." मी चिडले. म्हटलं, तुला काय कळतंय, चांगला गोड वास येतोय की. ती माझ्याकडे निरखून बघू लागली. त्या बघण्याने मला शंका आली. मी घरात जाऊन व्हिनेगरची बाटली उघडली आणि नाकाशी धरली. मग तिळाच्या तेलाची. मग सुकवलेल्या मासळीचा डबा. मिरान, मला कशाचाच वास आला नाही. कधीपासून येत नव्हता ते मला सांगता येणार नाही. रांजणातून जो गोड वास मला येत होता, तो चाळीस वर्षांच्या आठवणीचा होता, रांजणाचा नव्हता.

त्या दिवशी मी तुझी वही उघडली. गाळण्यांच्या फळीवर होती ती, निळ्या कव्हराची. मार्चमध्ये तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला दिसली होती. विसरली वेंधळी, असं म्हणून मी ती तशीच ठेवली. उघडली नाही, कारण मला गरज नव्हती. आता गरज होती. ओसरीवर चष्मा लावून बसले आणि पहिल्या पानापासून वाचलं. तू लग्न होऊन आलीस त्या हिवाळ्यात मी कसं करते ते तू सगळं लिहून घेतलं होतंस, मी मूठभर म्हणाले तर माझी मूठ वाटीत मोजून. तिथवर माझा ऊर भरून येत होता. मग दुसऱ्या हिवाळ्याचं पान आलं.

तिथे तू लिहिलं आहेस: "आईंनी घातलेली खेप आंबली. त्यांना कळलेलं नाही. आई मावशींकडे दोन दिवस गेल्या आहेत. गीताए म्हणाला, ओतून टाकू आणि नवी घालू, आईला कळता कामा नये. त्याने विहिरीचं पाणी ओढून दिलं, तांदूळ त्यानेच धुतले. धुताना अर्धे सांडले. आम्ही खूप हसलो." हे मी किती वेळा वाचलं सांगू? माझा मुलगा, ज्याने आयुष्यात स्वतःची ताटली उचलली नाही, तो गुडघ्यावर बसून आईची लाज झाकायला तांदूळ धूत होता. त्याला जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत त्याची एकही नवी गोष्ट मला कळली नव्हती. तू ती त्या फळीवर ठेवून गेलीस.

पुढची पानं वाचून मात्र मी संतापले, हेही प्रामाणिकपणे सांगते. तिसऱ्या हिवाळ्यापासून प्रत्येक पानावर एकच ओळ: "आईंना बाजारात पाठवणे." एके ठिकाणी कारणही दिलं आहेस. "आईंना घाई असते. भात गरम असतानाच कालवतात, त्याने खमीर मरतं. भात नाकाच्या शेंड्याइतका गार व्हायला हवा. त्याला दोन तास लागतात. आल्यासाठी बाजारात पाठवलं की अडीच तास मिळतात." अगं, आलं! दर हिवाळ्यात ऐन भात वाफवायच्या दिवशी तू तोंड पाडून यायचीस, "आई, आलं संपलंय." आणि मी, "या घरात एक काम धड होत नाही," असं म्हणत बसने तालुक्याला जायची. परत येईपर्यंत तू सगळं कालवून, कापड बांधून मोकळी. मी वर कापडाची गाठ सोडून पुन्हा बांधायची, म्हणजे दारू माझी झाली. गेली तीन वर्षं नोव्हेंबरात दोन दिवसांसाठी यायचीस तेव्हाही हेच. मी भावजींना सांगायची, सून मदतीला येते. आणि एका पानाच्या कडेला अगदी बारीक अक्षरात: "आईंना वास येत नाही असं वाटतं. बोलायचं नाही."

म्हणजे नऊ वर्षं. नऊ वर्षं सणासुदीला घराण्यातले सगळे पुरुष पेला खाली ठेवून म्हणायचे, "वहिनींचा हात!" आणि मी पदर सावरल्यासारखी जाकिटाची गाठ सावरत म्हणायची, "छे हो, कसलं." तू दारात ट्रे घेऊन उभी असायचीस. तुझ्या चेहऱ्यावर कधी एक रेघ हलली नाही. मला तेव्हा वाटायचं, ही पोरगी दगड आहे.

संतापाच्या भरात मी दुसरी खेप घातली, एप्रिल संपताना. वहीतलं अर्धं ऐकलं, अर्धं नाही. भात गार केला, स्वतःशी झगडत, ओसरीभर येरझारा घालत, पण केला. वहीत सांगितलेला थर्मामीटर मात्र हातात घेतला नाही. माझ्या सासूने कोपर बुडवून पाणी पाहिलं, मीही कोपरच बुडवणार. मे महिन्यात एकदम उन्हं तापली. एका दुपारी कोठीच्या खोलीत पाऊल टाकलं तर चप्पल जमिनीला चिकटली. रांजण उतू गेला होता, फेस भिंतीपर्यंत गेला होता आणि मुंग्यांची जत्रा भरली होती. या वेळी वासासाठी कुणाला बोलवायची गरज नव्हती. पण दो-यनची आई आलीच, फरशी घासायला बसली, आणि घासता घासता, मान वर न करता म्हणाली, "काकू, तुम्हाला ठाऊक असेलच, मिरानचं नोव्हेंबरात लग्न आहे." तिची भाची तुमच्या बेकरीसमोरच्या केस कापायच्या दुकानात आहे. मी म्हटलं, "ठाऊक आहे तर." आणि पाण्याची बादली उचलली. ती भरलेली आहे की रिकामी, तेही मला कळलं नाही.

त्यानंतर तीन दिवस मी कोठीच्या खोलीत गेले नाही. गीताएच्या फोटोसमोर बसून तुझ्या तक्रारी सांगितल्या. म्हटलं, बघ तुझी बायको. मला सांगायचीही हिंमत झाली नाही तिची. श्राद्धाला आली, वाकली, रडली, आणि मनात हे. फोटो जसा हसतो तसाच हसत होता. चौथ्या दिवशी वही चुलीत घालायची म्हणून उचलली. उचलली तशी ती मागून उघडली. शेवटची चार पानं मी तोवर पाहिलीच नव्हती, मध्ये कोरी पानं होती म्हणून.

ती चार पानं तू मोठ्या अक्षरात लिहिली आहेस. एकेक अक्षर माझ्या अंगठ्याएवढं. चष्म्याशिवाय वाचता येईल असं. वर लिहिलं आहेस, "आईंसाठी." खाली एकेक पायरी. वडी कुटली की तीन दिवस उन्हात आणि तीन रात्री दवात ठेवायची, म्हणजे तिचा उग्रपणा जातो. पाणी उकळून गार करायचं. विरजण किती अंशावर, मुख्य खेप किती अंशावर. वास पाहायचा असेल तर दो-यनच्या आईला विचारा, तिचं नाक चांगलं आहे. रांजणाला कान लावा, कान तुमचे अजून उत्तम आहेत. भात गार होईपर्यंत बाहेर फिरून या. आणि सगळ्यात शेवटी, "गुडघे दुखले तर तांदूळ दोन दिवसांत धुवा. घाई नाही."

तू वही विसरली नव्हतीस. वेंधळी मीच होते, त्या फळीसमोर.

मग मी ठरवलं. तिसरी खेप घालायची, आणि ती तुझ्या हुकमाप्रमाणे, एकही अक्षर न गाळता. जून उजाडला होता. कुणीही सांगितलं असतं की वेडी झाली म्हातारी, जूनमध्ये शंभर दिवसांची दारू घालते. प्योभाऊंनी सांगितलंच. ते वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून गावातले पंखे दुरुस्त करत हिंडतात, तुला ठाऊक आहे. मी त्यांना बोलावून म्हटलं, "भाऊ, या किमचीच्या फ्रिजला असं काही करा की तो सांगू तितकाच गार राहील." ते फ्रिजकडे बघत म्हणाले, "वहिनी, अजून नव्यासारखा आहे हो हा. मुलाने घेतलेला." मी म्हटलं, "मुलाने घेतलेला आहे म्हणूनच म्हणते. त्याने एकदा या दारूसाठी तांदूळ धुतले आहेत." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी काम केलं. फ्रिजच्या बाजूने एक तार आत सोडली, तिच्या टोकाला लोखंडी बोटासारखं काहीतरी, बाहेर आकडे दाखवणारी डबी. बटण दाबून आकडा ठरवायचा, तो वर गेला की फ्रिज आपोआप सुरू होतो, खाली आला की बंद. दोन दिवस मी त्या डबीसमोर स्टूल टाकून बसले होते. मोठा रांजण आत मावेना, म्हणून सोयाबीनच्या पेस्टचा छोटा रांजण रिकामा केला, सहा वेळा उकळत्या पाण्याने विसळला. फ्रिजमधली कोबीची आंबवलेली किमची तीन घरांत वाटली. दो-यनच्या घरी अजून माझीच किमची खातात आणि वर तिखट आहे म्हणून नावं ठेवतात.

वडीला तीन दिवस ऊन दाखवलं. तिसऱ्या रात्री पावसाची भुरभुर येईल असं रेडिओवर सांगितलं, तर ताट छपराखाली ओढून घेतलं आणि चौथी रात्र जास्तीची दिली. तांदूळ दोन दिवसांत धुतले. भात वाफवला आणि चटईवर पसरला त्या दिवशी मी काय केलं असेल? बस पकडली आणि तालुक्याला गेले. आलं आणलं. घरात होतं, तरी आणलं. बाजारात भाजीवाली म्हणाली, "आजी, बऱ्याच दिवसांनी? हिवाळ्यात यायचात नेहमी." मी म्हटलं, "माझ्या सुनेने पाठवलंय." परत आले तेव्हा भात नाकाच्या शेंड्याइतका गार होता. नाकाचा तेवढा एक उपयोग उरला आहे, तो केला.

पहिल्या आठवड्यात रांजणाला कान लावला की आत तव्यावर तीळ तडतडावेत तसा आवाज यायचा. मी दिवसातून चारदा कान लावायची. दो-यनची आई रोज सकाळी वास घेऊन मला वर्दी द्यायची, आणि मी वहीतल्या कोऱ्या पानांवर ते लिहायची. कोरी पानं कशासाठी सोडलीस ते तेव्हा कळलं. सुरुवातीला तिला सांगताच येत नसे. "चांगला आहे," म्हणायची. मी म्हटलं, "चांगला म्हणजे कसा? हे काय लग्नाचं स्थळ आहे? नीट सांग." मग शिकली. पंधराव्या दिवशी म्हणाली, कच्च्या केळ्यासारखा. चाळिसाव्या दिवशी म्हणाली, पिकलेल्या पेर फळाचा, पण कुठेतरी ओल्या पोत्यासारखाही. त्या पोत्याने माझी आठ दिवस झोप उडवली. ऑगस्टमध्ये एकदा दुपारभर वीज गेली. प्योभाऊ बर्फवाल्याकडून लाद्या घेऊन सायकलवरून आले, मी आणि दो-यनची आई ओल्या चादरी घेऊन फ्रिजभोवती उभ्या, जणू घरात बाळंतीण आहे. थर्मामीटरचा आकडा दोन अंश चढला आणि थांबला. सत्तराव्या दिवशी तिने वास घेतला आणि पुन्हा एकदा वाकून घेतला. मी म्हटलं, "पोतं?" ती म्हणाली, "नाही काकू. पोतं गेलं. पेर आहे, आणि मागून मध." मला स्वतःला काहीच आलं नाही. पण मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिच्या तोंडावर सगळं होतं.

शंभराव्या दिवशी रांजणात बांबूची गाळणी बुडवून ठेवली आणि दुसऱ्या सकाळी तिच्यात साचलेली दारू ओगराळ्याने काढली. रंग पिकल्या जर्दाळूचा. जिभेला गोड लागली, मग किंचित झोंबली, मग उबदार झाली. तेवढं माझ्या जिभेला अजून कळतं.

आठ दिवसांनी चुसोकचा, पितरांचा सण आला. घराण्यातली सगळी मंडळी जमली, पितरांना दारू ठेवली, मग जेवणं. सांगचोल भावजींनी पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवून मांडीवर थाप मारली. "वहिनी! हात परत आला हो तुमचा. मी म्हणत होतो ना, सून गेली म्हणून काय बिघडतं!" सगळे हसले. मीही नेहमीसारखी 'छे हो' म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी म्हटलं, "भावजी, हा हात मिरानचा आहे." ते म्हणाले, "म्हणजे? ती आली होती?" मी उठले, वही आणली आणि सगळ्यांच्या मध्ये ठेवली. सांगितलं सगळं. नऊ वर्षांचं. आंबलेली खेप, गीताएने धुतलेले तांदूळ, बाजारातलं आलं. माझ्या नाकाचंही सांगितलं.

मग भावजी म्हणाले, "असेल. पण आता तिचं नाव या घरात कशाला? ती दुसरं लग्न करतेय असं ऐकतो. आपल्या गीताएची बायको." मी म्हटलं, "करतेय. आणि तिच्या लग्नाला हीच दारू जाणार आहे." ते म्हणाले, "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? घराण्याची दारू, पितरांची, ती दुसऱ्याच्या मांडवात? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना आधी एकेक पेला द्या, मग विचारा. आणि घराण्याचं म्हणाल, तर या घराण्यातलं कुणी तांदूळ धुवायला आलं होतं का नऊ वर्षांत? एक गीताए आला होता. तो असता तर त्याने रांजण स्वतः उचलून नेला असता." भावजी उठले, टोपी घातली आणि सणाचा तांदळाचा केकसुद्धा न खाता गेले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको मागच्या दाराने आली, हातात रिकामी बाटली. म्हणाली, "त्यांना सांगू नका मी आले होते." मी भरून दिली. तिला त्यांनीच पाठवलं होतं हे तिचं तोंडच सांगत होतं.

तर आता हे पत्र का लिहिलं ते. दारू पोचवायला पत्र लागत नाही. दो-यनच्या आईची भाची सांगत होती की लग्न साधंच आहे, तीस माणसं, स्टेशनजवळचं जेवणघर. आणि तुझ्या बाजूची आईची खुर्ची रिकामी ठेवायची, लग्नात दोन्हीकडच्या आया लावतात त्यातली तुझ्या बाजूची मेणबत्ती तू स्वतःच लावणार, असं ठरलं आहे. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. तू सात वर्षांची असताना तुझी आई गेली, हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं, आणि मी त्याचा काय उपयोग केला? वाटी फुटली की, 'आई असती तर शिकवलं असतं.' भात करपला की, 'आईविना वाढलेली.' शेजाऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, एकदा तर गीताएच्या आजारपणात दवाखान्यात. तू एकदाही उलट बोलली नाहीस. मी ते शब्द परत घेऊ शकत नाही. माफी मागितली तर तू लगेच 'असू दे, आई' म्हणशील, आणि मला ते नको आहे. मला ती खुर्ची हवी आहे. तुझ्या पहिल्या लग्नात मी निळा पोशाख घातला होता, वराच्या आईचा. या वेळी गुलाबी शिवायला टाकला आहे, वधूच्या आई घालतात तो. शिंपीण म्हणाली, "आजी, नक्की गुलाबी? चुकत तर नाही ना?" मी म्हटलं, "माप घे." तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला विचार, त्याच्या आईलाही विचार. त्यांना अवघड वाटत असेल तर मी गुलाबी पोशाखात शेवटच्या ओळीत बसेन आणि कुणाला काही सांगणार नाही. पण येणार आहे, हे धरून चाल. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची बस आहे, दारूचा रांजण प्योभाऊ त्यांच्या गाडीतून आणतील. गीताएचं श्राद्ध पुढच्या वर्षीपासून मी बघेन. तू सून म्हणून येऊ नकोस. माहेरी यावंसं वाटलं तर त्याला तारीख लागत नाही. मेणबत्ती लावताना माझा हात कापतो, म्हणून रोज संध्याकाळी एक लावून बघते आहे. काल पहिल्या काडीत पेटली.

तुझीच,
तू म्हणशील ती,
हान बोंगनिम